उपडी वाटी

३ डिसेंबर १९९८, गोंडपिपरी

थंडी पडली. खोबरेलाची शिशी सकाळी गोठलेली. शोभानं, सूनबाईनं, ती चुलीच्या कडेला नेऊन ठेवली. मी खिडकीपाशी धुकं पाहत बसलो. डिसेंबरच्या धुक्यात मला नेहमी चौथीचा वर्ग ऐकू येतो. साठ पोरं एका सुरात कविता म्हणतात आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांचा सूर एकदम खाली बसतो. एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली. दाराबाहेरच्या स्टुलावर बसून जेवढ्या कविता माझ्या कानात गेल्या, तेवढ्या आत बसलेल्या पोरांच्याही गेल्या नसतील.

असो. लिहायचं होतं ते बाईचं. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी ही बहीण. दिवाळीत कोरपन्याहून इथं आणली तेव्हा हात एवढे वाईट नव्हते. आता थंडीनं कातडी अशी झाली की शाळेतली पोरं पिंपळाचं पान वहीत ठेवायची, जाळी उरेपर्यंत, तशी. खाज सुटते, बाई खाजवते, रक्त येतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कोरडं पडू देऊ नका, पण चोळूही नका. मलम दिलं. मलम चिकट, पसरायला दाबावंच लागतं, दाबलं की साल निघते. तेल लावावं तर ओघळून लुगड्यात जातं.

प्रभाकरचं, तिच्या मुलाचं, नागपूरहून पत्र आलं. संक्रांतीला येतो, तोवर हात सुधारले नसले तर आईला घेऊन जातो, मामा, वाद नको. बाईनं मला ते दोनदा वाचायला लावलं.

"तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? मी कबुतर आहो का?"

४ डिसें.

आज बाजार. मैनीबाई जंगलाकडून नेहमीप्रमाणे टोळीचं तेल घेऊन बसली होती. मोहाच्या बियांचं, घरी लाकडी दाबाखाली काढलेलं. पूर्वी आमच्याकडे दिवा यानंच लागायचा आणि थंडीत अंगालाही हेच. थंडीनं तेल डब्यात थिजलेलं, वरून पिवळट, साईसारखं. मी बोट टेकवलं. बोटाच्या नुसत्या उबेनं ते विरघळलं! दाबलं नाही, चोळलं नाही.

तिथंच बाजारात उभ्या उभ्या माझं ठरलं. हेच फेटायचं. लोण्यासारखं हलकं, फुललेलं. हातावर ठेवायचं आणि सोडून द्यायचं, बाकीचं काम बाईच्या अंगाची ऊब करेल.

मैनीबाई म्हणाली, "येवढं तेल काय करतेस भाऊ? इहीर भरतेस का?"

संक्रांतीला चाळीस दिवस. भरपूर झाले.

६ डिसें.

तेल कोमट करून फडक्यातून गाळलं. खाली गाळ पुष्कळ. मग रवी घेतली आणि घुसळायला बसलो. तासभर. वरणाला उकळी आली की जसा फेस येतो तसा आला, आणि रवी थांबताच बसला. खाली तेल ते तेलच.

शोभा नाकाला पदर लावून उभी. "मामाजी, ही रवी आता ताकाले चालनार नाई."

"नवी आणू."

"अन् घराले?"

तेल गरम होतं, एवढीच चूक. उद्या थिजवून फेटतो.

८ डिसें.

थिजवायचं कसं, यात मला कोणाला विचारायची गरज नाही. बाईच्या हातचं तूप पंचक्रोशीत गाजलेलं. कढवून उतरवलं की झाकायचं, तांदळाच्या कोठीत भांडं अर्धं पुरून ठेवायचं, हळूहळू निवू द्यायचं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. सकाळी दाणा दाणा मोकळा. रवाळ तूप म्हणजे घराची अब्रू, असं आमची आई म्हणायची.

भांडं कोठीत ठेवलं. बाईला सांगितलं नाही. उद्या एकदम दाखवीन.

९ डिसें., सकाळी

रवाळ! काय सांगू, बाईच्या तुपाला लाजवील असं. दाणे मोत्यासारखे. रवीनं हलकेच फेटलं तर पांढुरकं झालं, वर उभंही राहिलं थोडं. त्या आनंदात दुसरीतली लोण्याची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून टाकली. शोभाला म्हटलं, पाहा.

त्याच दिवशी, दुपारी

बाईच्या डाव्या हातावर मीच लावलं. मला घाई. तिनं पटकन हात ओढला.

"रवा चोळून राह्यला का मले?"

दाणे. तुपात ज्याची शान तेच. कातडीवर तीन ठिकाणी बारीक लाल रेघा उमटल्या, मनगटाजवळ रक्त. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढं कळू नये? ताटातलं तूप आणि हातावरचं तूप एक नसतं.

१० डिसें.

बाईच्या हाताला पट्टी. ती माझ्याशी नेहमीसारखं बोलते आहे. रागावली असती तर बरं झालं असतं.

१३ डिसें.

फेटणं तीन दिवस बंद. उन्हात बसून होतो, बाई दुसऱ्या टोकाला. भांडं मध्ये. ती म्हणाली,

"तुले वास येते ना? दूर बस थोडा."

सहज म्हणाली. टोमणा नव्हता. पण मला तिसरीतलं वर्ष आठवलं. माझे पाय थंडीत असे फुटायचे की रक्ताचे ठसे अंगणात. बाई तेव्हा तेरा वर्षांची. शाळेत ती कधी गेली नाही. पण मी कविता पाठ करत बसलो की ती माझे पाय मांडीवर घेऊन टोळीचं तेल चोळायची. मी अडखळलो की पुढची ओळ तीच सांगायची. ऐकून ऐकून तिला सगळ्या पाठ.

मग शाळा तपासायला साहेब आले. मला कविता म्हणायला उभं केलं. पहिल्या रांगेतल्या पोरांनी नाकं दाबली. एकानं "टोळी आली, टोळी आली" केलं. कविता मी पूर्ण म्हटली. साहेबांनी पाठही थोपटली. घरी आल्यावर बाईनं वाटी घेतली तेव्हा मी पाय झाडला. वाटी उपडी झाली. तेल जमिनीत गेलं.

तिनं पुन्हा कधी वाटी आणली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगतो.

१५ डिसें.

नवी दिशा सापडली! हबीबभाईच्या बेकरीत पाव आणायला गेलो तर तो परातीत डालडा आणि पिठीसाखर फेसत बसलेला, नानखटाईसाठी. तळव्यानं. गोल, गोल, एकसारखं. पिवळा डालडा डोळ्यांदेखत पांढरा होत चालला आणि फुगत चालला. मी तिथंच पोत्यावर बसलो. सगळी हकिगत सांगितली. त्यानं माझ्या खिशातल्या नमुन्याच्या डबीचं झाकण काढून पाहिलं.

"वामनभाऊ, हे काय आणलं जी? बूट पॉलिश?"

"बाईच्या हातासाठी."

मग तो गंभीर झाला. बोटानं दाणा चिरडून पाहिला.

"हे तुम्ही आरामात थंड केलं. आराम से ठंडा किया तो दाना बनताच. याले फुरसत द्यायची नाई. थंड पाण्यात भांडं ठेवा, अन् हलवत राहा. जमू लागलं का फेटा. लोण्यावानी झालं पायजे, ना दगड ना पाणी. बोट दाबलं तर खड्डा राह्यला पायजे."

मग हौसेनं स्वतःच्या तळव्यावर घेऊन फेसायला गेला. भट्टीजवळचा माणूस, हात तापलेला. सगळं पाणी होऊन कोपरापर्यंत ओघळलं.

"अरे! ये तो हात लावताच भागते."

म्हटलं, हबीबभाई, तेच तर पाहिजे आहे.

त्यानं एक खूण सांगितली. नानखटाईचं फेसलेलं नीट झालं का पाहायला तो चिमूटभर पाण्यात टाकतो. तरंगलं तर झालं.

१७ डिसें.

पहाटे पाचला उठलो. हिरीचं पाणी परातीत, त्यात पितळी गंज, म्हणजे पातेलं, गंजात वितळवून गाळलेलं तेल. लाकडी उलथन्यानं हलवत राहिलो, बुडाला आणि कडेला बसू दिलं नाही. दाटलं की रवी. हात एकसारखा चालावा म्हणून मी स्वतः दुसरीत शिकलेली नदीची कविता धरली. चाल लांब आहे, हात दुखत नाही. तीनदा म्हणून झाली तेव्हा गंजात पांढरं झालं. दाणा नाही! बोटांत चोळून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. एकही दाणा नाही.

वाटीत पाणी घेऊन चिमूटभर टाकलं. तरंगलं! मी ओरडलोच. बाई गोधडी लपेटून बाहेर आली. मी म्हटलं, पाहा, तरंगलं. हबीबभाईची खूण.

बाई पाहत राहिली. मग हसू लागली. एवढी हसली की खोकला आला.

"वामन्या, तेल कधी बुडते का रे?"

१८ डिसें.

तेल बुडत नाही. काल दिवसभर शोभा दर तासाला आतून विचारायची, "मामाजी, तरंगून राह्यलं का जी?"

मग खूण बाईनंच दिली. दही लागलं का नाही हे ती वाटी उपडी करून पाहते. "उपडी कर. पडलं नाई तं झालं." आज पहाटेचं फेटलेलं वाटीत घेऊन मी सरळ डोक्यावर उपडी धरली. शोभा ओरडली. पडलं नाही.

क्षणभरच. मग घळकन एक मोठा थेंब माझ्या टकलावर. पण बाकीचं थांबलं होतं. माझ्या हिशोबानं हा विजयच.

१९ डिसें.

अजून थोडं फेटायला हवं होतं. आज नदीची कविता पाच वेळा. पोत बदलतो तो क्षण मला आता रवीच्या आवाजावरून कळतो. आधी चपचप, मग एकदम दबका, कापसात काठी फिरवल्यासारखा. तिथं थांबायचं. त्याच्यापुढे गेलं की हाताच्या उबेनं पुन्हा सैल. हे कोणत्या पुस्तकात असेल? नसेलच.

वाटी डोक्यावर धरली. पन्नास आकडे मोजले. एक कण पडला नाही.

बाईला म्हटलं, मी लावत नाही, तूच घे. तिनं उजव्या हाताच्या एका बोटानं हरभऱ्याएवढं उचललं, डाव्या मनगटावर ठेवलं, आणि हात मांडीवर ठेवून पाहत बसली. मीही. बर्फ वितळतो तसं नाही. लोणी भाकरीवर बसतं तसं, हळूच बसलं, कडा पातळ झाल्या, मग चमक, मग काहीच नाही. दाबावं लागलं नाही.

"थंड आहे," बाई म्हणाली. मग दुसरं हरभऱ्याएवढं घेतलं.

२१ डिसें.

हबीबभाईचे रोजे सुरू झाले. दिवसभर उपाशी राहून भट्टीपुढे. तरी मला पाहून हाका मारल्या. डबी दाखवली. बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, तोंड फिरवलं.

"पोत एक नंबर. लेकिन बास? वामनभाऊ, ये बास में बाई कैसे सोती?"

गुलाबाच्या अत्तराची बारकी कुपी दिली. भेट. घरी येऊन दोन थेंब घातले. शोभा खूश. बाईनं हुंगलं आणि डबी माझ्याकडे सरकवली.

"लग्नघरी आल्यावानी वाटते. मले खाज सुटली आहे, लग्न नाई लागलं."

आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे पाहत: "तुले वास येत असन तं राहू दे. अत्तराचं लावतो मी."

संध्याकाळी बिनअत्तराचं वाटीभर तिच्या उशाशी ठेवून आलो.

२६ डिसें.

डाव्या हातावरच्या रेघा मिटल्या. मनगटावर नवी कातडी, गुलाबी. बाई खाजवते, पण कमी. उजव्या कोपरावरची जखम मात्र ओली.

नवी अडचण. दुपारी ऊन पडलं की डबीतलं बसतं. सकाळचा डोंगर, दुपारी तळं. सकाळी पुन्हा फेटलं की होतं, पण बसलेलं आपोआप थिजलं की पुन्हा तोच दाणा. म्हणजे रोज थोडं, ताजं. मला काय काम आहे दुसरं?

३० डिसें.

मैनीबाईकडून मेण आणलं. आग्या मोहोळाचं, काळपट, त्याला अजून मधाचा वास. म्हणाली, "अंगाले लावतेस? मग जरासं टाक. लई टाकलं तं ढोलकीले लावायचं होते."

१ जानेवारी १९९९

नवं वर्ष. मेण लई टाकलं. ढोलकीला लावायचं झालं.

३ जाने.

वाटीभर तेलाला सुपारीएवढं मेण, हे जास्त. अर्ध्या सुपारीएवढं, तरी पसरवताना कातडीला ओढ लागते. आज वाटाण्याएवढं, किसून, तेलातच वितळवून, मग थंड पाण्यात ठेवून हलवत हलवत. फेटताना रवीचा आवाज तोच आला. दुपारी दोनला वाटी उपडी केली. थांबलं!

वाटाण्याएवढं. लिहून ठेवतो, विसरायला नको.

८ जाने.

आता पहाटे बाईही उठून बसते. तिला झोप नाही, मला धंदा नाही. मी फेटतो, ती ऐकते. आज नदीच्या कवितेत चौथ्या कडव्याला अडखळलो. एकतीस वर्षं ऐकलेली कविता आणि ऐन वेळी ओळ गेली. रवी थांबली.

बाईनं गोधडीतून ओळ सांगितली. पुढचीही.

"तुले कशी आठवते?"

"माहे हात रिकामे होते का तवा? तोंडानं तू म्हणे, हातानं मी ऐको."

पुढचं फेटणं तिच्या म्हणण्यावर झालं. तिची चाल माझ्यापेक्षा संथ. पोत आजच्याइतका कधी जमला नव्हता. हे खरं की मला तसं वाटलं, ठाऊक नाही. वाटी मात्र मिनिटभर उपडी होती.

१४ जाने., संक्रांत

प्रभाकर सकाळच्या गाडीनं आला. आल्या आल्या आईचे हात पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले, सावकारानं नाणं पाहावं तसे. डावा हात साफ. उजवा साफ. कोपर वर केलं. तिथं अजून खपली, कडेला ओलसर.

"मामा, हे बरं नाई झालं."

"होऊन राह्यलं आहे."

"होऊन राह्यलं अन् झालं यात फरक आहे ना जी."

शोभा मध्ये पडली. तिळगूळ दिला, डबीही पुढे केली. प्रभाकरनं नाक मुरडलं, पण बोट घातलं. मग बोटं एकमेकांवर चोळत राहिला.

"आमच्या साहेबाच्या घरी परदेशातली डबी आहे. बॉडी बटर लिहिलं राहते तिच्यावर. हे तं तेच आहे. फक्त तिचा वास बरा आहे."

बाई म्हणाली, "त्याइच्या इथी मोह होते का?"

"नसन."

"मंग बरा कसा?"

प्रभाकर हसला, पण ऐकणारा नव्हे. पोरगा आहे, त्याची काळजी खोटी नाही, हेही लिहिलं पाहिजे. कोपऱ्यात घेऊन मला म्हणाला, मामा, थंडीत तुमचं लोणी चालते, मान्य. आपला उन्हाळा येऊ द्या. मे महिन्यात इथं मेणबत्त्या वाकतात. घामानं जखमा चिघळल्या तर तुम्ही फेटून काय करान? होळीले येतो. कोपर भरलं असन अन् हे लोणी तवाही उभं असन, तं राहू द्या आईले. नाई तं मी कोणाचं ऐकनार नाई.

ठीक. मान्य केलं. हात पुढे केला, त्यानंही दिला.

तो गेल्यावर बाई म्हणाली, "माहा सौदा करून राह्यले दोघं. मले कोणी विचारलं का?"

खरं आहे. म्हटलं, तुला काय पाहिजे?

"मले तुही कविता पूर्ण पाठ झालेली पायजे. रोज चौथ्या कडव्याले अडते."

२० जाने.

ईद. हबीबभाईकडून शिरखुर्मा आला. मी उलट एक वाटीभर लोणी पाठवलं, अनवाणी भट्टीपुढे उभं राहून त्याच्या टाचा फुटतात म्हणून. संध्याकाळी तो स्वतः आला, हसून हसून बेजार. घरी त्याच्या पाहुण्यांनी ते पावाला लावून खाल्लं!

"पूछ रहे थे, ये मक्खन किधर का है? मैं बोला, गोंडपिपरी का खास है, हर किसी को नाई मिलता."

३ फेब्रुवारी

कोपराची खपली गळाली. खाली कातडी आहे! पातळ, पण आहे. तिथं बाईचा स्वतःचा हात नीट पोचत नाही. आजवर शोभा लावायची, नाकाला पदर लावून. आज पाहिलं तर पदर खांद्यावर होता. विचारलं. "सवय झाली जी," म्हणाली.

१२ फेब्रु.

ऊन कडक. पहाटेसुद्धा हिरीच्या पाण्याला पूर्वीचा गारवा नाही. तेल दाटायला दुप्पट वेळ. नदीची कविता नऊ वेळा. दुपारी वाटी उपडी केली, अर्धं डोक्यावर, अर्धं बनियनवर.

बाई हसली नाही. शोभाही नाही. तेच जास्त लागलं.

१६ फेब्रु.

मेण दोन वाटाणे. ओढ लागते. दीड वाटाणा. ओढ नाही, पण तीनला बसतं. म्हणजे नुसतं मेण वाढवून भागणार नाही. कातडी सोसेल एवढंच मेण, आणि बाकी गारवा बाहेरून द्यायचा.

हबीबभाईला विचारलं, मे महिन्यात डालडा कसा सांभाळता? म्हणाला, ओलं पोतं, अन् हवेची जागा.

१९ फेब्रु.

जुना माठ घेतला. रेती घातली, रेतीवर पाणी, रेतीत वाटी, वरून ओलं फडकं. न्हाणीच्या दारात ठेवला, तिथं वारा येतो. तीन वाजता काढली. उपडी केली. थांबलं! हात लावला तर सकाळसारखं गार.

लगेच बाईच्या हातावर. बसलं, चमकलं, गेलं. ओढ नाही.

दीड वाटाणा मेण, आणि माठ. बाहेर चाळीस डिग्री होऊ दे, मी तयार आहे. (चाळीस झालं नाही अजून, हे खरं. मे महिना तर अजून दूरच आहे.)

२५ फेब्रु.

आज माठाला फडकं ओलं करायला विसरलो. पेंगलो होतो. झोपेत शाळेची मधली सुट्टी चालली होती आणि मी घंटा द्यायला विसरलो होतो. उठलो तर चार वाजलेले. धावत गेलो. फडकं ओलं. बाईनं केलं होतं.

म्हणजे ती रोज पाहते.

२८ फेब्रु.

प्रभाकर उद्या येतो. अकराची गाडी. बाईनं ट्रंक उघडून लुगडी उन्हात घातली. विचारलं, काऊन? म्हणाली, कसर लागते. लुगडी सात. संध्याकाळी घड्या करून पुन्हा ट्रंकेत ठेवली. कुलूप लावलं नाही.

दोन्ही कोपरं आता साफ आहेत. मी स्वतः चष्मा लावून पाहिली. हात अजून तिच्या वयाचे आहेत, पण हात आहेत.

१ मार्च, होळी

पहाटे चारला उठलो. आजचं चुकायला नको. तेल गाळलं, दीड वाटाणा मेण, परातीत प्यायच्या माठातलं गार पाणी. बाई आधीच उठून भिंतीला टेकून बसलेली. मी नदीची कविता धरली. चौथं कडवं आलं. गेलं. अडलो नाही. तिनं मान हलवली, वर्गातल्या मास्तरीणबाई पोराला पास करत तशी.

रवीचा आवाज दबला. थांबलो. वाटी भरून माठात ठेवली. गंजाच्या कडेला लागलेलं चमचाभर उरलं. ते तिला देऊ लागलो तर म्हणाली,

"मले नोको. पाय दे इकडे."

"काऊन?"

"टाचा पाह्य आपल्या. पहाटे पहाटे हिरीवर जाऊन काय झाल्या. दे."

"तुझे हात..."

"हाताले काय झालं आता?"

तिसरीतल्या त्या दिवसानंतर हे पहिल्यांदा. मी मागे सरकलो असेन, कारण तिनं घोटा धरला. मग मी पाय दिला. तिच्या मांडीवर. तिनं बोटावर घेतलं, टाचेवर ठेवलं. आणि चोळलं. माझ्या टाचेला चोळलेलं चालतं. घरभर टोळीचा वास. आत शोभा चहा ठेवत होती, तिनं खिडकी उघडली नाही.

बाईच्या बोटांना आता पूर्वीचा जोर नाही. पण जागा सगळ्या ठाऊक आहेत.

"म्हण ना," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड काऊन बंद? पाय माह्याजवळ आहे, कविता तुह्याजवळ."

म्हटली. तिसरीतली, साहेबांपुढची. पूर्ण.

आता साडेदहा. ऊन अंगणात उतरलं आहे, पोरं होळीसाठी लाकडं ओढत चालली आहेत. फडकं दोनदा ओलं केलं. एकदा मी, एकदा तिनं. झाकण काढून पाहायचा मोह होतो, पण पाहणार नाही. बाई ओट्यावर बसली आहे, हात मांडीवर, ट्रंक आतल्या खोलीत, अजून बिनकुलपाची.

अकराची गाडी वेळेवर आली तर सव्वाअकरापर्यंत तो दारात असेल. त्याला बसू देईन, पाणी देईन. आधी कोपरं दाखवीन. मग न्हाणीच्या दारातून वाटी आणीन आणि काही न बोलता त्याच्यासमोर डोक्यावर उपडी धरीन.

नवी टोपी घालायला शोभा म्हणते आहे. मी टोपी काढूनच बसणार आहे.